घोडीच्या मागे चालताना

माळेगावच्या यात्रेत घोडा घेणारे लोक आधी भोवरे पाहतात, मग दात पाहतात आणि शेवटी हलगीवाल्याला बोलावून घोडा नाचवून दाखवायला सांगतात. लोहा तालुक्यातील ही खंडोबाची यात्रा मार्गशीर्षाच्या उत्तरार्धात भरते आणि घोडे, गाढवे व उंट यांच्या बाजारासाठी ती मराठवाड्याबाहेरही ओळखली जाते. माझी बिजली मी तिथेच घेतली. पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केलेली असल्यामुळे दात आणि सांधे पाहण्याची डोळ्यांना सवय होती. कोपऱ्याचे कायमचे दात येऊन झिजू लागले होते, पायांत दोष नव्हता, आणि आत वळलेल्या कानांची टोके एकमेकांना जवळजवळ भिडत असल्यामुळे काठियावाडी रक्त लपत नव्हते. तिला नाच शिकवलेला होता आणि तो कसा शिकवला गेला हेही तिच्याकडे पाहून कळत होते. जिवणीच्या दोन्ही कोपऱ्यांत काटेरी लगामाचे जुने घट्टे होते, पुढच्या पायांच्या नळ्यांवर काठीच्या खुणा होत्या, आणि हलगीचा ठोका कानावर पडताच ती मान आभाळाकडे फेकून पाठ खाली दाबत असे. काटेरी लगाम वापरण्यास १९६५ च्या नियमांपासून आपल्या देशात बंदी आहे, तरी यात्रेतल्या दुकानांत तो राजरोस टांगलेला असतो.

वरातीतला नाच पाहणाऱ्याला मोहक वाटतो आणि मलाही तो लहानपणापासून आवडत आला आहे. मात्र घोड्याच्या शरीराच्या दृष्टीने तो बहुतेक वेळा पुढच्या पायांचा खेळ असतो. पुढचे गुडघे छातीपर्यंत येतात, परंतु मागचे पाय ताठ राहून मागेच रेंगाळतात आणि मधली पाठ झोळीसारखी लोंबते. उभ्या घोड्याच्या वजनाचा साधारण साठ टक्के भार मुळातच पुढच्या दोन पायांवर असतो आणि पाठीवर माणूस बसला की तो आणखी पुढे सरकतो. युरोपातील जुन्या अश्वविद्येत ज्याला पियाफ म्हणतात, म्हणजे घोड्याने जवळजवळ जागच्या जागी दुडकीची पावले टाकणे, ते दुरून आपल्या नाचासारखेच दिसते, पण त्याची घडण उलट्या टोकाकडून होते. त्यात खुबा, मांडीखालचा गुडघा आणि माणसाच्या टाचेच्या जागी असलेला मागे टोक आलेला सांधा हे तिन्ही मिटतात, पुठ्ठा, म्हणजे शेपटीवरचा मागचा भाग, खाली येतो, भार मागे जातो, आणि मग पुढचे पाय हलके होऊन आपोआप उचलले जातात. काठीने गुडघ्यावर टोचून पुढचा पाय वर येतो, परंतु पुठ्ठा खाली येत नाही. नाच येणाऱ्या या घोडीला मागच्या पायांवर भार घेणारे पियाफ शिकवावे असे माझ्या मनाने घेतले, आणि ते पाठीवर न बसता, लांब दोऱ्या हातात धरून तिच्या मागे चालत शिकवायचे ठरले.

ही वाट मला आमच्या शेजारच्या गावातील एका सेवानिवृत्त रिसालदारांनी दाखवली. त्यांची सारी नोकरी ६१ कॅव्हलरीत, जयपूरला झालेली. घोड्यांवर चालणारी आपल्या सैन्याची ती उरलेली पलटण. त्यांनी बिजलीला एकदा माळावर मोकळे फिरताना पाहिले आणि म्हणाले, “डॉक्टर, हिच्या पाठीवर आत्ता बसू नका. पाठच नाही तर बसणार कशावर?” गावाकडे पशुधन पर्यवेक्षकालाही डॉक्टरच म्हणतात, आणि मी ते कधी नाकारले नाही. त्यांच्या म्हणण्यातला अर्थ साधा होता. दबलेल्या पाठीवर स्वार बसला की ती आणखी दबते. तीच पाठ आधी मोकळी करून वर आणायची असेल तर ओझ्याशिवाय काम घ्यावे लागते. दुसरा लाभ मला प्रत्यक्ष काम सुरू झाल्यावर कळला आणि आज तो मला पहिल्याहून मोठा वाटतो. स्वाराला घोड्याचे मागचे पाय कधीच दिसत नाहीत, त्याला ते बैठकीतून ओळखावे लागतात; मागून चालणाऱ्याला मात्र ते सतत डोळ्यांसमोर असतात, आणि या विद्येत जे काही खरे घडते ते तिथेच घडते.

ही पद्धत आपल्याकडे अगदीच परकी आहे असे नाही. टांग्याला जुंपण्याआधी नव्या घोड्याला मागून लांब दोऱ्यांवर चालवण्याची रीत टांगेवाल्यांत होती. अंबाजोगाई तर मोमिनाबाद या नावाने हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणीच होती, त्यामुळे या भागात चाबुकस्वारांची, म्हणजे घोडे शिकवणाऱ्यांची, परंपरा नांदली असणार. परंतु या दोऱ्यांवर थेट उच्च शिक्षणापर्यंत जाण्याची शिस्त जपली ती व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलने. १७३५ मध्ये पूर्ण झालेल्या त्यांच्या दालनात आजही पांढरे लिपिझानर घोडे स्वाराविना, मागे चालणाऱ्या माणसाच्या हातातील दोऱ्यांवर पियाफ आणि पासाज, म्हणजे उंच पावलांची तरंगती दुडकी, करून दाखवतात. युनेस्कोने २०१५ मध्ये त्या शाळेच्या परंपरेला मानवी वारशाच्या यादीत स्थान दिले. रिसालदार साहेबांनी मला त्यांची चित्रफीत दाखवली, आणि तिच्यातील घोड्यांपेक्षा त्यांच्या मागच्या माणसांकडे पाहायला सांगितले. ती माणसे घोड्याच्या पुठ्ठ्याला जवळजवळ खेटून, त्याच्या पावलाशी पाऊल जुळवून चालतात, आणि त्यांचे हात हललेले दिसत नाहीत.

सामानाची जुळवाजुळव गावातच झाली. बाजारात मिळणारी नायलॉनची दोरी घोडा उधळला की तळहात सोलून काढते, म्हणून आम्ही बाजेला लावतात ती रुंद सुती निवार घेतली आणि प्रत्येकी साधारण आठ मीटरचे दोन तुकडे करून त्यांच्या एका टोकाला पितळी कड्या शिवल्या. नांदेडच्या एका चर्मकार कारागिराकडून पोटाभोवती बांधायचा रुंद पट्टा करून घेतला. त्याच्या दोन्ही बाजूंना तीन वेगवेगळ्या उंचीवर लोखंडी कड्या लावल्या, म्हणजे दोरी वरून नेता येते, मधून नेता येते आणि पुढे खालूनही नेता येते. तोंडात काहीच घालायचे नाही असे ठरल्यामुळे नाकाच्या हाडावर बसणारी, आत मऊ कातडे लावलेली नाकपट्टी बनवली आणि दोऱ्या तिच्याच कड्यांत अडकवल्या. काम सुरू करण्याआधी परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तिचे दात घासून घेतले. दाढांच्या टोकदार कडा गालाला टोचत असतील तर घोडा नाकपट्टीवरही मान झटकतो, आणि त्या झटकण्याला हट्ट समजून शिक्षा देणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

जागेचा प्रश्न मात्र कठीण होता. आमची काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि पावसाळ्यात खुराला नालासकट धरून ठेवते. अशा जमिनीवर वळणाचे काम घेतले तर सांधा दुखावण्याचीच शक्यता अधिक. शेताच्या वरच्या अंगाला मुरमाड माळाची पट्टी होती. तिथले दगड वेचून, वर मऊ मातीचा थर देऊन वीस बाय चाळीस मीटरचे मैदान आखले. ड्रेसेज या अश्वक्रीडेचे लहान मैदान याच मापाचे असते. एका लांब बाजूला जुना दगडी बांध होता आणि त्याचा पुढे फार उपयोग झाला, कारण शिकणाऱ्या घोड्याला एका बाजूने भिंतीचा आधार असला की शिकवणाऱ्याचे अर्धे काम ती भिंतच करते.

पहिले बरेच दिवस शिक्षण नव्हतेच, ओळख होती. घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यामुळे त्याला जवळपास सगळीकडचे दिसते, मात्र शेपटीच्या थेट मागची पट्टी अंध असते. लांब दोरीवर काम करणारा माणूस नेमका त्याच पट्टीत वावरतो. त्यामुळे बिजली मला पाहू शकत नव्हती तेव्हा मी तिच्याशी बोलत राहायचे, हा नियम ठरला. माझा पुतण्या तिच्या तोंडाशी उभा राहायचा, मी तिच्या अंगावरून आधी हात, मग खराऱ्याचा ब्रश, मग दोरीचा सैल वेटोळा फिरवायचो. पाठीवरून काही अडचण नव्हती. पुठ्ठ्यावरून दोरी उतरून मागच्या पायाच्या टाचेच्या सांध्याजवळ आली की मात्र तिची शेपटी दबायची, मागचा भाग गोळा व्हायचा आणि पुढच्याच क्षणी लाथ निघायची. अशा वेळी दोरी ओढून काढली तर लाथ मारल्याने दोरी जाते असे घोडा शिकतो; दोरी तिथेच, ढिली, निर्जीव ठेवली आणि पाय शांत झाल्यावर उचलली, तर शांत राहिल्याने दोरी जाते असे शिकतो. या एका गोष्टीत आमचा बहुतेक पौष गेला आणि त्याबद्दल मला खेद नाही. पुढे सगळे काम त्या बाहेरच्या दोरीवर उभे राहणार होते.

त्यानंतर दोन दोऱ्यांवरचा कावा, म्हणजे घोडीला वर्तुळात फिरवणे, सुरू झाला. एका दोरीवर घोडा गोल फिरवणे सगळेच जाणतात; त्यात घोडा मान आत वळवून पुठ्ठा बाहेर टाकतो आणि माणसाला वाटते की घोडा वळला. दुसरी दोरी बाहेरच्या बाजूने जाऊन मागच्या पायांच्या मागून हातात आली की ही पळवाट बंद होते. आतली दोरी नाकाला दिशा देते आणि बाहेरची दोरी खांदा व पुठ्ठा यांना वर्तुळावर ठेवते. पहिल्या दिवशी बाहेरची दोरी पाठीवरूनच घेतली, पुढे ती हळूहळू खाली उतरवली. ती मांडीवर टेकताच एकदा बिजली जोरात सुटली, रिसालदार साहेब बांधावरून ओरडले, “बाहेरची सोडा डॉक्टर, पळू द्या तिला!” बाहेरची ढिली सोडून मी आतल्या दोरीवर तिच्याबरोबर सरकत राहिलो, काही फेऱ्यांनी तिची भीती ओसरली आणि ती स्वतःच दुडकीवर आली. अशा क्षणी दोन्ही दोऱ्या आवळणे हा माणसाचा उपजत स्वभाव आहे, आणि त्याने घोडा एक तर मागच्या पायांवर ताठ उभा राहतो किंवा दोरीत अडकून पडतो.

शब्द थोडेच ठेवले. जिभेने टकटक म्हणजे पुढे, लांब ओढलेला “हो” म्हणजे थांबणे, आणि “हळू” म्हणजे तीच चाल ठेवून पावले आखूड करणे. चाबूक हातात होता, परंतु तो फक्त बोट दाखवण्यासाठी. त्याने मारायचे नाही हे पुतण्याला पुन्हा पुन्हा सांगावे लागले, कारण पुढे हेच काम त्याच्या हाती जायचे होते. दोरीवरची बोटे ओला कपडा पिळल्यासारखी मिटायची आणि घोडीने किंचित उत्तर दिले की लगेच उघडायची. या उघडण्यातच सगळे शिक्षण आहे असे मला वाटते. बोट मिटल्याने घोड्याला प्रश्न कळतो, आणि उत्तर बरोबर आले हे त्याला ते उघडल्यावर कळते.

माघात कावा सोडून सरळ चालण्याचे काम घेतले आणि ते काव्यापेक्षा अवघड निघाले. वर्तुळात वळणच घोड्याला धरून ठेवते. सरळ रेषेत, मागे माणूस आणि पुढे मोकळा माळ, अशा स्थितीत तो नदीच्या पाण्यासारखा कधी डावीकडे, कधी उजवीकडे सरकतो. आम्ही तिला शेतरस्त्यांवर नेऊ लागलो. उसाच्या फडाच्या कडेने, विहिरीच्या पंपाजवळून, ट्रॅक्टर उभा असेल तर त्याच्या शेजारून. मी तिच्या मागे दोन-तीन मीटरवर, थोडा बाजूला. लाथ लागणार नाही इतका लांब आणि दोरी जमिनीला टेकणार नाही इतका जवळ. अडली तर तिच्या पुठ्ठ्याच्या बाजूला सरून तिला एक पाऊल कुशीला टाकायला लावायचे, मागचा पाय हलला की पुढचे आपोआप सुटतात. याच फेऱ्यांत मला पहिल्यांदा तिच्या मागच्या पायांचा फरक नीट दिसला. डावा पाय पोटाखाली खोल येत होता. उजवा आखूड पडून किंचित बाहेर ठेवला जात होता. पाठीवर बसलो असतो तर तो फरक मला “उजवीकडे जड आहे” एवढाच वाटला असता.

शोल्डर-इन हा पुढचा टप्पा. अठराव्या शतकातील फ्रेंच अश्वशिक्षक ग्वेरिनिएर यांनी सरळ भिंतीलगत याची जी मांडणी केली, तीच आजही वापरली जाते. घोडा भिंतीला समांतर पुढे जात राहतो, परंतु त्याचे खांदे भिंतीपासून आत आणलेले असतात, शरीर आतल्या बाजूला वाकलेले असते आणि तो जातो त्या दिशेपासून तोंड फिरवलेले असते. वरून पाहिले तर सुमारे तीस अंशांचा कोन होतो आणि पायांचे तीन माग दिसतात, कारण आतला मागचा पाय बाहेरच्या पुढच्या पायाच्या मागावर पडतो. नेमके हे पडणे महत्त्वाचे. तो पाय शरीराच्या मध्याखाली येतो, म्हणजे भार उचलण्याच्या जागी येतो. मी बांध तिच्या उजवीकडे ठेवून चालायचो, तिच्या डाव्या खुब्याशेजारी. आतली दोरी थेट हातात, बाहेरची दोरी पुठ्ठ्यावरून आडवी येऊन दुसऱ्या हातात. कोपरा पार झाल्यावर वळणाचा वाक तसाच ठेवून, जणू दुसरे वर्तुळ सुरू करणार अशा रीतीने खांदे आत घ्यायचे, आणि त्याच क्षणी बाहेरची दोरी धरून तिला वर्तुळात जाऊ न देता बांधालगत पुढे न्यायचे. पहिल्या खेपांना तिने मान वाकवली आणि खांदे तसेच ठेवले. मानेच्या वाकण्याला शोल्डर-इन समजणारे शिक्षक मी पुढे पुष्कळ पाहिले. बाहेरची दोरी थोडी ठाम झाल्यावर खांदे आले. दोन-तीन पावले आली की लगेच सरळ करून, पुढे मोकळी चाल देऊन, शाबासकी. एवढीच मागणी.

मागून चालणाऱ्याला जो लाभ मिळतो त्याचा खरा उपयोग इथे झाला. घोड्याचा मागचा पाय जमिनीवरून उचलला जातो तेव्हा त्या बाजूचा खुबा खाली जातो. तो पाय भार घेऊन उभा असतो तेव्हा खुबा वर असतो. पायाला अधिक आत येण्याची सूचना द्यायची ती उचलण्याच्या क्षणीच, कारण जमिनीवर टेकलेला पाय ती पाळूच शकत नाही. सुरुवातीला मी मनात ताल मोजून खुबा पडताना चाबकाचे टोक त्या मांडीकडे नेत होतो. पुढे ते हाताला मोजल्याशिवाय जमू लागले आणि तसे जमू लागल्यावर घोडीही कमी धडपडू लागली. उशिरा आलेली सूचना घोड्याला शिक्षेसारखी लागते, हे मी तिच्या शेपटीकडे पाहून शिकलो. शेपटी मऊ लटकून दोन्ही बाजूंना झुलत असली, तोंडाशी फेस आणि नाकातून लांब फुरफुर येत असली, की पाठ चालते आहे असे समजायचे. शेपटी पंख्यासारखी गोल फिरू लागली किंवा दात करकरले, की मागणी अर्धी करायची.

ट्रॅव्हर्समध्ये उलटे होते, पुठ्ठा आत येतो आणि घोडा जाण्याच्या दिशेकडेच वाकलेला राहतो. कोन जरा मोठा, पायांचे चार माग. डाव्या बाजूला ते सहज आले. उजव्या बाजूला ती पाय दुमडण्याऐवजी पुठ्ठा नुसता ढकलून देई, आणि दगडी बांधाचा आधार असूनही लय तुटत असे. त्यावर इलाज म्हणून आम्ही उजव्या बाजूला पुन्हा शोल्डर-इनकडे गेलो, आणि पाच-सहा पावले शोल्डर-इन, मग लहान वर्तुळ, मग तीन पावले ट्रॅव्हर्स असा क्रम ठेवला. वर्तुळातून बाहेर पडताना मागचा आतला पाय आधीच खाली आलेला असतो, त्याचा उपयोग होतो. ट्रॅव्हर्सच भिंत सोडून मैदानाच्या तिरक्या रेषेवर नेला की तो हाफ-पास होतो, आणि भिंत नसल्यामुळे आधीची सगळी उसनवारी उघडी पडते. हाफ-पासच्या वेळी मी खुब्यापासून अर्धे पाऊल मागे राहून त्याच रेषेवर तिरका चालायचो. माणसाचे पाय घोड्याच्या पायांइतकेच आडवे पडावे लागतात, आणि साठी ओलांडलेल्या माणसाला हे काम चांगलेच दमवते.

वैशाखात काम जवळजवळ थांबले. आमच्याकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो. सूर्य वर येण्याआधी अर्धा तास चालणे, पाणी, सावली, आणि कडब्याबरोबर हरभऱ्याची चंदी निम्म्याने कमी, एवढेच. त्याच दिवसांत लग्नसराईचा जोर असल्यामुळे गावातून रात्री हलगी आणि डीजे ऐकू यायचा आणि बिजली गोठ्यात मान वर करून पाय आपटायची. तिच्या डोक्यात हलगीचा ठोका आणि काठी या दोन गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या होत्या. रिसालदार साहेबांचे मत होते की हलगी टाळू नये. त्यामुळे गावातल्या एका हलगीवाल्या पोराला पैसे देऊन आम्ही माळाच्या दूरच्या टोकाला बसवले आणि तो वाजवत असताना तिच्याकडून फक्त चालणे आणि थांबणे घेतले. जवळ आणत आणत काही आठवड्यांनी तो मैदानाच्या कडेला बसला. एक गोष्ट लक्षात आली ती अशी की हलगीची लय चढत जाते, आणि घोडा त्या लयीमागे धावू लागला की त्याची पावले आखूड होत नाहीत, घाईची होतात. पियाफला घोड्याची स्वतःची संथ लय लागते. म्हणून हलगी वाजत असली तरी ताल मीच जिभेने देत होतो, आणि हलगीवाल्याला माझ्या मागून यायला सांगत होतो. त्याला हे फार विचित्र वाटले.

पियाफची सुरुवात मागे चालण्यातून झाली. मागे जाताना घोडा तिरप्या जोडीने, म्हणजे डावा पुढचा आणि उजवा मागचा, असे पाय उचलतो. दुडकीतही जोडी तीच असते. बांधालगत तीन-चार पावले मागे, आणि शेवटचे पाऊल पुरे होण्याआधीच पुढे दुडकी. पुन्हा थांबणे, पुन्हा मागे, पुन्हा दुडकी. हळूहळू त्या पहिल्या दोन पावलांत पुठ्ठा खाली गेलेला दिसू लागला. मग दुडकीतच “हळू” म्हणून पावले आखूड करत आणायची, जवळजवळ जागेवर, आणि ती जागेवर येण्याआधी पुन्हा पुढे सोडायची. ही अर्धी पावले म्हणजे पियाफची कच्ची माती. इथे माझी जागा अगदी तिच्या खुब्याशेजारी, एक हात जवळजवळ पुठ्ठ्यावर टेकलेला. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या व्याख्येप्रमाणे उचललेल्या पुढच्या खुराचे टोक दुसऱ्या पायाच्या नळीच्या मध्यापर्यंत यावे आणि मागच्या खुराचे टोक दुसऱ्या मागच्या पायाच्या खुरावरील सांध्याच्या किंचित वर यावे. बिजलीचे पुढचे पाय आधीच्या शिकवणीमुळे पहिल्या दिवसापासून त्याहून वर जात होते. म्हणून आमचे काम उलटे झाले: पुढचे पाय खाली आणायचे आणि मागचे वर. त्यासाठी मागणी इतकी लहान ठेवावी लागली की कित्येक सकाळी बाहेरून पाहणाऱ्याला काहीच घडत नाही असे वाटावे. पुढचा पाय फेकला गेला की काही न बोलता पुढे चालवायचे. मागचा पाय लवचीक उचलला गेला, मग पुढचा जेमतेम हलला असला तरी, तिथेच थांबून गूळ.

रिसालदार साहेबांनी खांबांचा उपाय सांगितला होता. जुन्या काळी दोन खांबांमध्ये घोड्याला बांधून पियाफ शिकवत. वरातीच्या नाचासाठी आपल्याकडेही दोन खुंटांना घोडा बांधतात, म्हणून मी तो नाकारला. तिच्या मनात ती आठवण जागी करण्याची मला गरज वाटली नाही. त्यांनी आग्रह धरला नाही, फक्त मिशीत हसून म्हणाले, “मग तुम्हांला वेळ जास्त लागेल.” वेळ लागलाच. पावसाळ्यात मैदान दोनदा वाहून गेले आणि मुरूम पुन्हा भरावा लागला. आश्विनात, थंड सकाळी, तिने सहा-सात पावले अशी दिली की पुठ्ठा खाली, पाठ वर गोल, मान आपोआप लांब होऊन वाकलेली, आणि दोन्ही दोऱ्या माझ्या हातांत एकदम हलक्या. ड्रेसेजच्या ग्राँ प्री या सर्वोच्च पातळीवर बारा ते पंधरा पावलांची अपेक्षा असते. आमची तिथवर पोहोच नाही आणि त्याचे मला फार वाटतही नाही.

पुतण्याला पाठीवर बसवले ते त्यानंतरच. दोऱ्या माझ्याकडेच ठेवल्या, त्याला फक्त बसायचे आणि काही न करायचे काम दिले. तिने पहिल्या दिवशी पुन्हा पाठ दाबली, काही दिवसांनी सोडली. आता साध्या, बिनकाट्याच्या दोन तुकड्यांच्या लगामावर तो तिला डाव्या-उजव्या शोल्डर-इनमध्ये नेतो आणि मी जमिनीवरून फक्त उजव्या मागच्या पायाकडे पाहतो. तो पाय अजून डाव्याच्या बरोबरीला आलेला नाही, हाफ-पास उजवीकडे घेताना पाचव्या-सहाव्या पावलाला तो मागे राहतो, आणि ते होण्याआधी मी पुतण्याला थांबायला सांगतो. पासाजला आम्ही हात लावलेला नाही. रिसालदार साहेबांच्या मते उजवा पाय भार घेऊ लागल्याशिवाय तो मागूही नये. लांब दोऱ्यांवर भरधाव चाल घेणे माझ्या पायांना जमणार नाही, तेवढे काम पुतण्याने गेल्या महिन्यापासून माझ्याऐवजी घेतले आहे.